सहा तोंडांचं कार्ड

दातवाल्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. हसायचा तो, पण ओठ मिटून. हसू नाकातून बाहेर पडायचं. वरचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. जिन्यावरून पडला तेव्हा तो दात करायला शिकत होता. पुढे त्यानं निम्म्या शहराच्या तोंडांत दात बसवले, तो एक तेवढा राहून गेला.

शेजारच्या दुकानातला किल्लीवाला त्याला रोज छेडायचा. "लोकांना बत्तीशी दाखवायला लावतोस आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप. किल्ली करून देऊ?"

"तुझ्या किल्ल्या लागतात कुठं?" दातवाला म्हणायचा आणि तोंडावर हात ठेवून आत जायचा.

आत म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, घासायची मोटर, गॅसची बारीक ज्योत, मेणाचे तुकडे, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. त्याच्या भुवयांवरही. डॉक्टर मंडळी तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचा साचा पाठवायची, दातवाला त्यावर दात करायचा. दात गेले तरी साचा तो टाकत नसे. मागच्या खोलीत छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर शहरातली तोंडं उघडी पडलेली होती. माणसं त्याला चेहऱ्यानं कळत नसत. बस थांब्यावर कुणी जांभई दिली की तो मान हलवून ओळख द्यायचा.

वरच्या मजल्यावर तो, बायको आणि मुलगी राहायची. मुलगी मोठी झाली, तिला अभ्यासाला खोली हवी झाली. एक दिवस बायको मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हे घर माणसांसाठी आहे की या तोंडांसाठी?"

तोवर कामाची तऱ्हाही बदलली होती. साचा स्कॅनरखाली ठेवायचा, तोंड पडद्यावर येतं, दात पडद्यावरच रेखायचा, मशीन तो कोरून देतं. साचे ठेवायची गरज नव्हती. पण ती सगळी तोंडं एका डिस्कवर ठेवायची म्हणजे एका खिळ्याला घर टांगणं. त्यानं मेव्हण्याला विचारलं.

मेव्हणा बायकोचा धाकटा भाऊ. एका मोठ्या कंपनीच्या मशीनघरात कामाला होता. एका रविवारी येऊन त्यानं दोन सारख्या डिस्क लावल्या आणि सॉफ्टवेअर घातलं. एक गोष्ट लिहिली की ती दोन्ही डिस्कवर उमटते, एक मेली तर दुसरी जशीच्या तशी हजर. वर एक छोटा स्पीकरही लावून दिला. "एक जरी डिस्क जोडीतून निसटली, तरी हा बोंबलेल. बोंबलला की मला फोन."

फक्त एक गोष्ट उरली होती. मदरबोर्डवर डिस्क जोडायच्या जागा संपल्या होत्या. या नव्या दोन डिस्क तात्पुरत्या मशीनमधल्या दुसऱ्या भागांच्या जागेवर लटकवल्या होत्या. त्यांच्यासाठी वेगळं कार्ड घ्यायला हवं होतं.

"हे बघा भावोजी," जेवताना मेव्हणा म्हणाला, "कार्ड असं घ्यायचं की ज्याला स्वतःची अक्कल नाही. डिस्क आहे तशी पुढं दाखवायची, बास. दोन्हीकडं लिहायचं काम सॉफ्टवेअर करतंय. मधे लुडबुड करणारं शहाणं कार्ड घेतलंत, तर उद्या ते मेलं की त्याच्या सख्ख्या भावाशिवाय, म्हणजे तसल्याच कार्डाशिवाय, त्या डिस्क कुणाला वाचता येत नाहीत."

"म्हणजे बिनडोक ते स्वस्त असेल."

"तिथंच लोक फसतात. बाजारात सहा-सहा पोर्टांची नवी चकचकीत कार्डं आलीत. मातीमोल. आत एवढीशी चिप, तिच्यावर सगळ्यांनी लोंबकळायचं. तापली की हात सोडते. त्यापेक्षा मोठ्या सर्व्हरमधून काढलेलं जुनं घ्या. दिसायला कळकट, पण बैलासारखं राबतं. समोर एक पंखा लावायचा. नव्या मोठ्या कार्डाच्या मानानं फुकटच, त्या चकचकीतापेक्षा मात्र दुप्पट."

दातवाल्यानं "बघतो" म्हणून ताटात मान घातली. ती मान मेव्हण्यानं वाचली.

"राहू द्या भावोजी. मीच घेऊन येतो. पैशाचं काही नाही, मी देतो."

"घेऊ दे ना त्याला," बायको म्हणाली. "परका आहे का?"

मुलगी समोर बसली होती. या मेव्हण्याला दातवाल्यानं सायकल शिकवली होती. मागून सीट धरून तो त्याच्यामागं धावला होता, आणि हळूच सोडून दिलं तेव्हा पोरगं न पडता कोपऱ्यावरून वळून गेलं होतं. आता आपलं सीट कुणीतरी धरलंय, असं त्याला जेवणाच्या टेबलाशी वाटलं.

"नको," तो म्हणाला. "मी घेतो."

त्या आठवड्यात तो बाजारात गेला. जुनं कार्ड एका दुकानात होतं. हिरवं, धुळकट, कडेला गंज चढल्यासारखं. पुढच्या दुकानात काचेखाली काळं नवं कोरं कार्ड होतं.

"हेच जातं साहेब," दुकानदार म्हणाला. "सहा तोंडं आहेत. तुम्हाला किती पाहिजेत?"

"दोन."

"मग चार उरतात की."

चार उरतात. स्वस्तातली कवळी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दातवाला नेहमी ऐकवायचा, दात कोरून पोट भरत नाही. ते त्याला त्या दुकानात आठवलं. आठवूनही त्यानं काळं कार्ड घेतलं. बाहेर पडताना हातातली पिशवी इतकी हलकी होती की आत काही आहे की नाही हे त्यानं दोनदा चाचपून बघितलं.

घरी येऊन स्वतःच बसवलं. तारा काढून इकडून तिकडं लावल्या, मशीन चालू केलं, आणि डिस्कची जोडी काही झालंच नाही अशी उभी राहिली. त्या सॉफ्टवेअरला मधलं कार्ड कुठलं याची फिकीर नव्हती. दातवाल्याला तो कौल वाटला.

रात्री मेव्हण्याचा फोन आला. "घेतलंत का?"

"घेतलं. तू सांगितलंस तेच."

"पंखा?"

"लावला."

खोटं बोलायला काही लागत नाही. दाताला निदान मेण लागतं.

मग त्यानं साचे फोडायला घेतले. एकेक तोंड स्कॅनरखाली जायचं, दोन्ही डिस्कवर उमटायचं आणि हातोडीखाली यायचं. फळ्या रिकाम्या झाल्या, भिंत दिसली, मुलीचं टेबल आलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "आता काही हरवत नाही. सगळं दोन्हीकडं असतं."

ऊन वाढलं तसा एका दुपारी स्पीकर बोंबलला. एक डिस्क निसटली होती. त्यानं मशीन बंद करून चालू केलं, ती परत आली, सगळं पुन्हा तिच्यावर उतरत बसलं. त्यात दिवस गेला, काम अडलं. नंतर दोन-चार दिवसांनी पुन्हा. त्यानं झाकण उघडून कार्डाच्या चिपवर बोट ठेवलं आणि झटक्यात काढलं. बोट तोंडात घालून तो तसाच बसला.

मेव्हण्याला फोन करायचा. म्हणजे तो येणार. झाकण उघडणार. काळं कार्ड बघणार, पंखा नाही हे बघणार, आणि काही बोलणार नाही. ते न बोलणं दातवाल्यानं मनातल्या मनात इतक्या वेळा ऐकलं की फोन राहिला.

"अहो, ते काय वाजतंय सारखं?" वरून बायको म्हणाली. "पोरीची परीक्षा आहे."

त्यानं स्पीकरची तार ओढून काढली. हातातलं काम संपलं की बघू, असं ठरवलं. त्याच्याकडं हातातलं काम कधी संपत नसे.

त्या दिवसांत बाई आल्या. मुलीच्या शाळेत भाषा शिकवायच्या, आता निवृत्त. मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता. शेजारच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. बाईंच्या वरच्या जबड्यात गाठ निघाली होती. उजवी बाजू, दातांसकट, टाळूसकट काढावी लागणार होती. काढायच्या आधी घेतलेला साचा खोक्यात होता. जखम भरली की त्याच मापानं दातवाल्यानं टाळू आणि दात करायचे.

बाईंनी साचा स्वतः काढून टेबलावर ठेवला. "बघा, माझं ध्यान."

उजवीकडचा, पुढून दुसरा दात आत वळलेला होता. दातवाल्याला तो दात बघितल्याबरोबर ऐकू आला. बाई बोलताना 'स' म्हणाल्या की मागून बारीक शीळ यायची. आख्खा वर्ग ती शीळ घालायला शिकला होता. त्याची मुलगी घरी बाईंची नक्कल करायची, आणि नक्कल करता करता मायेनं गप्प व्हायची.

"या दातापायी जन्मात तोंड उघडून फोटो काढला नाही," बाई म्हणाल्या. "आता जाणार म्हटल्यावर तोच पाहिजेसा वाटतो. हे हरवणार नाही ना?"

"नाही बाई. आता काही हरवत नाही. दोन्हीकडं असतं."

"आणि दोन्ही गेलं तर?"

तो नाकातून हसला. "तसं होत नाही."

हे बोलत असताना एक डिस्क जोडीतून बाहेर होती, आणि ते त्याला माहीत होतं. संध्याकाळी ती परत आणू, असं तो ठरवत होता. बाई गेल्यावर त्यानं साचा स्कॅन केला. पडद्यावर तोंड आलं, फिरवून बघितलं, आत वळलेला दात नीट उमटला होता. मग सवयीनं हातोडी घेतली. संध्याकाळी डॉक्टरांकडून तातडीची कवळी आली आणि डिस्क तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही. पुढं तिची आठवण आली की तो दुसरं काहीतरी आठवायचा.

बाईंचं ऑपरेशन झालं. जखम भरायची वाट बघण्यात ऊन उतरलं. आणि एका सकाळी मशीनमधून नखानं पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला. जी डिस्क एकटी सगळं वाहत होती, ती बसली. परत उठली नाही. दुसरी जोडली तर तिच्यावर सगळी जुनी तोंडं होती, हसरी, किडकी, बोळकी. बाईंचं नव्हतं. ती निसटली त्यानंतर बाई आल्या होत्या.

दातवाल्यानं जमिनीवरची जागा बघितली, जिथं साचे फुटायचे. झाडलेली होती.

त्यानं मग काय केलं तर, उरलेली डावी बाजू. डॉक्टरांनी ऑपरेशननंतरचं माप पाठवलं होतं. त्यात डावे दात होते. पडद्यावर त्यांची उलटी बाजू करून त्यानं उजवीकडं बसवली. सरळ, सारखी, देखणी कमान. डॉक्टरांच्या दवाखान्यात ट्रायलला तो स्वतः घेऊन गेला.

"जुन्या साच्यावरूनच केलंत ना?" डॉक्टर हात धुता धुता म्हणाले.

"हो," दातवाला म्हणाला.

बाईंच्या तोंडात ते बसलं. इतके दिवस बाईंचं बोलणं नाकातून, फाटक्या कागदासारखं यायचं. आता टाळू मिळाली. त्यांनी हातात आरसा घेतला आणि बघत राहिल्या.

"फार सुरेख," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "सुरेख," पुन्हा म्हणाल्या. 'स' स्वच्छ आला. बाईंनी आरसा खाली ठेवला.

"माझी शीळ गेली."

डॉक्टरांनी नळ बंद केला.

"माझीच जीभ बदलली असणार," बाई म्हणाल्या. "एवढी कापाकापी झाल्यावर तिनं तरी काय करावं. तुम्ही तर आहे तसंच केलंय. तुमचे किती आभार मानू?"

हा क्षण होता. दातवाल्याला तो दिसला, समोरून गेला. दातखीळ बसल्यासारखा तो उभा राहिला आणि डॉक्टरांच्या नळाकडं बघत म्हणाला, "सवय होईल हळूहळू."

त्यानंतर त्याला जेवण जाईना. बायकोनं भाजीला नावं ठेवून बघितली, मग स्वतःला, मग डॉक्टरला. मुलीनं जेवताना विचारलं, "बाईंचे दात कसे झाले?" तो उठून खाली गेला. बाजारात बाई दिसल्या. भाजीवालीशी बोलताना त्या एकेक शब्द जपून ठेवत होत्या, जीभ कुठं जाते ते तपासत, वर्गातल्या ढ मुलाला शिकवावं तसं. तो दुसऱ्या रस्त्यानं वळला.

त्या संध्याकाळी त्यानं मेव्हण्याला फोन केला. "येऊन जा. मी कार्ड दुसरं घेतलं होतं."

मेव्हणा आला. झाकण उघडलं. काळं कार्ड बघितलं, पंख्याची रिकामी जागा बघितली, स्पीकरची ओढून काढलेली तार बघितली. दातवाल्यानं जे न बोलणं इतके महिने ऐकलं होतं, ते आता खरंच खोलीत होतं, आणि ते त्यानं कल्पलं होतं त्यापेक्षा फार बारीक होतं. मेव्हण्यानं मेलेली डिस्क कानाशी धरली, दुसऱ्या मशीनला लावली, मग ओळखीच्या एका माणसाकडं नेली. त्या माणसानं आतल्या तबकडीवर चरा आहे म्हणून परत दिली.

"भावोजी," मेव्हणा जाताना म्हणाला, "मी पैसे देतो म्हणालो, ते लागलं का तुम्हाला?"

"नाही रे."

"मला वाटलंच होतं, लागलं."

खाली बघून तो चपला शोधत होता. चपला समोरच होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ. दातवाल्यानं त्या पायानं पुढं सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी तो आधी डॉक्टरांना भेटला, मग बाईंच्या घरी गेला. डॉक्टर बोलले ते त्याला नीट ऐकूच आलं नाही. बाईंनी खुर्ची दिली. त्यानं बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, कार्डापासून. बाईंना कार्ड कळलं नाही. डिस्क कळली नाही. हातोडी कळली.

"म्हणजे हे दात माझे नव्हेतच," त्या म्हणाल्या.

"डाव्या बाजूचे उलटे करून लावलेत."

"आणि दात बसवले त्या दिवशी माहीत होतं तुम्हाला."

"हो."

बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. "हरवलं ते हरवलं. माझ्याकडूनही मुलांच्या वह्या हरवल्यात. पण मी रोज आरशासमोर बसून या जिभेला टाकून बोलतेय. पन्नास वेळा 'स' म्हणतेय. म्हातारे, आता एवढं पण जमेना तुला, म्हणतेय. आणि तुम्ही म्हणालात, सवय होईल."

तो अजून उभाच होता.

"जा आता," बाई म्हणाल्या.

तो गेला. चार दिवस काही निरोप नव्हता. मग डॉक्टरांचा फोन आला. बाई दुपारी दवाखान्यात येतायत, मेण आणि हत्यारं घेऊन या.

बाई खुर्चीत बसून होत्या. त्यांनी नमस्कार केला नाही. "तो दात आत वळवा," म्हणाल्या. "किती ते मी सांगते. माझ्या जिभेला पाठ आहे. तिला मी उगाच बोलले."

दातवाल्यानं मेणात दात बसवला, थोडा वळवला. बाई म्हणाल्या, "सकाळ." मान हलवली. काढला, ज्योतीवर मेण मऊ केलं, आणखी वळवला. "सकाळ. नाही. अजून." डॉक्टर येऊन बघून गेले. पेशंट आले, गेले. दात फार वळला, बोबडं यायला लागलं, पुन्हा मागं आणला. दातवाल्याच्या बोटांना चटके बसले. तो मान खाली घालून काम करत होता, आणि खाली घातलेली मान कामासाठी आहे की कशासाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

एकदा तो ज्योतीशी वाकलेला असताना बाई म्हणाल्या, "तुमचा तो पुढचा दात तुम्ही का करून घेतला नाहीत?"

"दुसऱ्यांचे करता करता राहिला."

"खोटं बोलू नका."

त्यानं मेण फुंकलं. "डॉक्टरांच्या खुर्चीत बसून तोंड उघडायची लाज वाटते. दातवाला आणि असा दात."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

बाईंनी तोंड उघडलं. त्यानं दात बसवला.

"सकाळ," बाई म्हणाल्या, आणि शब्दाच्या मागून काहीतरी बारीक निसटलं. पूर्वीची शीळ नव्हती ती. दाराच्या फटीतून वारा यावा तसं. बाईंनी डोळे मिटून पुन्हा म्हटलं. पुन्हा आलं.

"बास. आता हात लावू नका. याहून जवळ जायचं नाही."

त्यानं दात काळजीनं बाहेर काढला, ओल्या कापडावर ठेवला.

"याचं माप ठेवाल ना आता?" बाई पर्स उचलत म्हणाल्या.

"ठेवतो. प्लास्टरचा साचाही ओततो, तो फळीवर. आणि मेव्हणा चांगलं कार्ड बसवतोय, त्या मशीनमध्ये. दोन्हीकडं ठेवतो बाई."

बाई दाराशी थांबल्या.

"हे तुम्ही मागंही म्हणाला होतात," त्या म्हणाल्या.

दातवाल्यानं मान हलवली. बाई गेल्यावर त्यानं दातांचं माप घेतलं, वाडग्यात प्लास्टर कालवून त्या मापात ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत तिथंच उभा राहिला.